दिवसभर उभाच तर असतो, वेगळं चालायचं कशाला?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी एसटीत वाहक आहे, सातारा जिल्ह्यात. वय ४६. वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले, कळलं तेव्हा ५४ चे होते, पुढं दोन वर्षं काढली. मागच्या महिन्यात माझी तपासणी झाली. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २१२, चांगलं कोलेस्टेरॉल ३६, बीपी १३८/८८. वजन ६६ किलो, उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे मी जाड नाही. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, कॅन्सरने जायचा धोकापण कमी होतो. मला पटेना. आठ-दहा तास गाडीत उभा असतो, गर्दीतून मागंपुढं करतो, हा व्यायाम नाही का? आणि व्यायाम करायचाच तर आधी गोळ्या घेऊन रिपोर्ट नॉर्मल करू आणि मग चालायला लागू का? मुक्कामी ड्युटी असली की टाइमाचं काही खरं नसतं. मागं सहा महिने चाललो होतो, वजन दोन किलोपण उतरलं नाही म्हणून सोडलं. तंबाखू थोडीफार चालते, झोप येऊ नये म्हणून. आणि मनातलं एक विचारतो, बाबांना ऑपरेशननंतर आम्ही खाटेवरून उठूच दिलं नाही, आराम करा म्हणायचो. ते चुकलं का आमचं?
– एक वाहक

उत्तर:

दादा, कंडक्टरचं काम हाच व्यायाम का, हा प्रश्न तुमच्या आधी लंडनमध्ये विचारून झालाय, आणि तोही खऱ्याखुऱ्या कंडक्टरांबद्दल. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला, १९५३ ला तो छापून आला, आणि त्यात दिसलं असं की दिवसभर सीटवर बसणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा तिकिटं फाडत जिना वरखाली करणाऱ्या कंडक्टरला हार्टचा त्रास बराच कमी. व्यायाम आणि आजार यांचा संबंध दाखवणारा हा अगदी सुरुवातीचा अभ्यास, आज सगळे जण त्याचं नाव घेतात. आता तुम्ही म्हणाल बघा, मी काय वेगळं म्हणत होतो. पण थांबा जरा, याच मॉरिससाहेबांनी १९५६ मध्ये दोघांच्या युनिफॉर्मची मापं काढली, पॅन्टच्या कमरेची, आणि ड्रायव्हरांच्या पॅन्टी जास्त रुंद निघाल्या, म्हणजे फरक नुसत्या जिन्यामुळे पडला की मुळात सुटलेल्या पोटाचे लोक ड्रायव्हरकडे जास्त होते हा प्रश्न उरलाच. शिवाय तो अभ्यास हार्टचा, कॅन्सरचा नाही. आणि मुख्य म्हणजे तुमच्या लाल परीला जिना कुठाय?

तुमची ड्युटी आठवून बघा ना. गळ्यात मशीन, एक हात वरच्या दांडीला, पाय फाकवून तोल सांभाळत उभं राहायचं, स्टँडवर गर्दी चढली की दहा मिनिटं कोपरं मारत मागपर्यंत जायचं, 'पुढं सरका, पुढं सरका', सुट्ट्या पैशावरून एकदोन जणांशी वाद, की परत येऊन आपल्या सीटपाशी उभं किंवा बसायचं. संध्याकाळी पाय सुजतात, पोटऱ्या भरून येतात, जीव दमतो, हे सगळं खरंय, पण दमणं वेगळं आणि हृदयाला-स्नायूंना सलग काम मिळणं वेगळं. दहा-वीस मिनिटं एका दमात श्वास वाढलाय, अंग गरम झालंय असं ड्युटीत किती वेळा होतं? जवळजवळ नाहीच.

कामातली हालचाल आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचे परिणाम सारखे निघत नाहीत हे गेल्या काही वर्षांत संशोधकांनाही कोडं पडलंय. अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांमध्ये काही ठिकाणी अकाली मृत्यू उलट जास्त दिसलेत. त्याची कारणं बरीच सांगतात, काम आपल्या मर्जीने थांबवता येत नाही, विश्रांती नाही, तासन् तास ताण असतो, आणि अशी कामं करणाऱ्यांत तंबाखू-सिगारेट जास्त, पगार कमी, दवाखाना लांब, त्यामुळे नेमका दोष कशाचा हे वेगळं काढणं अवघड. म्हणून काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही, आतड्याच्या कॅन्सरबाबत तर बैठ्या नोकरीपेक्षा हालचालीच्या नोकरीवाल्यांना धोका कमी असल्याचंही दिसलंय. पण त्यावर विसंबून चालणं टाळाल तर फसाल एवढंच.

आता कॅन्सरचा मुद्दा. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या बारा अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली, १४ लाखांवर माणसं, आणि विचारलं होतं फक्त मोकळ्या वेळेतल्या व्यायामाबद्दल, चालणं, पळणं, पोहणं असं. २६ प्रकारचे कॅन्सर बघितले, त्यातले १३ जास्त व्यायामवाल्यांत कमी निघाले. मोठ्या आतड्याचा १६ टक्के कमी, यकृताचा २७ टक्के, स्तनाचा १० टक्के. सगळे कॅन्सर मिळून मात्र फरक ७ टक्क्यांचा, म्हणजे तुमचे डॉक्टर बरोबर बोलले पण व्यायाम हे काही कवच नाहीये. आणि १६ टक्के कमी म्हणजे काय तेही नीट समजून घ्या: समजा हजार बैठ्या माणसांत पुढं ५० जणांना होणार असेल तर तेवढ्याच चालणाऱ्यांत ४२ जणांना होईल, असा तो हिशोब (५० हा आकडा मी समजावण्यापुरता धरलाय). जे आठ वाचले त्यात आपण असू की नाही ते कुणालाच आधी कळत नसतं, पण फुकटात मिळतंय ते कोण सोडेल.

हे झालं कॅन्सर होण्याबद्दल. मरण्याबद्दल तैवानचा एक मोठा अभ्यास आहे, चार लाखांवर माणसं, २०११ ला आला. रोज सरासरी १५ मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचं एकूण मृत्यूचं प्रमाण काहीच न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी, आयुष्य साधारण तीन वर्षं जास्त, आणि त्यापुढच्या प्रत्येक १५ मिनिटाला कॅन्सरने होणारे मृत्यू अजून एकेक टक्का कमी. सगळ्यात मोठी उडी पहिल्या पंधरा मिनिटांत आहे बघा, शून्यावरून उठण्यात, नंतर नफा हळूहळू वाढतो. हा फायदा आधीच हार्टचे धोके असलेल्या लोकांतही दिसला. तुमचा रिपोर्ट घेऊन मी नेमकं इथेच येतेय.

तुम्ही जाड नाही म्हणता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर साडेतेवीस येतो, आपल्या लोकांसाठी २३ च्या वर गेलं की जास्तच धरतात, तरी तो जाऊ दे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता, डॉक्टर मंडळींत तो फार गाजलाय. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं अशी असतात, हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात. वजनकाट्याला ती दिसत नाही, रिपोर्टला दिसते.

आणि तुमच्या रिपोर्टला दिसतेच आहे. पाच गोष्टी बघतात: कंबर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० च्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशी साखर १०० किंवा जास्त. पाचातल्या तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तुमच्या चार बिघडल्यात आणि कंबर तुम्ही लिहिलीच नाही. घरी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच ही हद्द. पॅन्टचा नंबर ३४ आहे म्हणून सांगू नका हं, आपल्याकडे पोट सुटलं की पॅन्ट पोटाखाली बांधायची पद्धत आहे, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

या पाचांचा कॅन्सरशी काय संबंध, साखर-बीपी म्हणजे हार्टचं प्रकरण ना, असं बऱ्याच जणांना वाटतं. २०१२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात मेटाबॉलिक सिंड्रोमवाल्या पुरुषांना मोठ्या आतड्या-गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका साधारण २५ टक्के आणि यकृताच्या कॅन्सरचा ४३ टक्के जास्त निघाला. बायकांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, पाळी गेल्यानंतर स्तनाचा वगैरे. कारण असं की पोटातली चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, मग साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंड जास्त-जास्त इन्शुलिन सोडत राहतं. आता इन्शुलिन आणि त्याचा एक भाऊबंद हार्मोन यांचं काम साखर हलवण्यापुरतं नसतं, ते पेशींना वाढा, दोन व्हा असंही सांगतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर ती डबल बेल आहे, आणि चोवीस तास डबल बेल वाजत राहिली तर एखादी बिघडलेली पेशीपण गाडी सुटली म्हणून पुढं निघते. वर चरबीतून सूज वाढवणारी रसायनं सतत रक्तात झिरपतात ती वेगळीच.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर, नाही, रिपोर्ट नॉर्मल व्हायची वाट बघायची नाही. चालताना पोटरी-मांडीचे स्नायू इन्शुलिनची मदत न घेताच रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवस तेच स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देतात. म्हणजे आज संध्याकाळी चाललात तर उद्या स्वादुपिंडाला जरा आराम, त्यासाठी वजन एक ग्रॅमही उतरायची गरज नाही. मागं तुम्ही सहा महिने चालून सोडलंत ते फक्त काट्याकडे बघत बसलात म्हणून, त्याच वेळी ट्रायग्लिसराइड आणि कंबर मोजली असती तर बहुतेक वेगळं चित्र दिसलं असतं, कारण वजन तेवढंच राहून पोटातली आणि यकृतातली चरबी उतरते हे पुष्कळ वेळा दिसलंय. डॉक्टरांनी बीपीची वगैरे गोळी दिली असेल तर ती चालूच ठेवायची, चालतोय म्हणून मनाने बंद नको आणि गोळी घेतोय म्हणून चालणं बंद नको.

बाबांचं आता. दादा, कॅन्सरच्या पेशंटला उठू न देणं हे फक्त तुमच्या घरी नाही झालं, सगळ्या गल्लीत हेच चालतं, बघायला येणारा प्रत्येक पाहुणा 'पडून राहा हो' म्हणून जातो. आतड्याच्या कॅन्सरनंतर व्यायामाने आयुष्य वाढतं याचा भक्कम पुरावा आला तो २०२५ मध्ये. मुख्यतः कॅनडा-ऑस्ट्रेलियातले ८८९ पेशंट, सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो झालेलं, अर्ध्यांना तीन वर्षं प्रशिक्षक लावून व्यायाम, बहुतेकांचं झपझप चालणंच, आणि अर्ध्यांना फक्त माहितीचं पुस्तक. पाच वर्षांनी आजार न उलटता जगत होते ते व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के, दुसऱ्यांत ७३.९. आठ वर्षांनी जिवंत होते ते ९०.३ टक्के विरुद्ध ८३.२. नुसत्या निरीक्षणात नेहमी शंका राहते की जो मुळात धट्टाकट्टा तोच चालतो, इथे चिठ्ठी टाकावी तसे गट पाडले होते म्हणून या आकड्यांना वजन आहे. पण हे पेशंट असे होते की ज्यांचा आजार ऑपरेशनने काढून टाकता आला होता आणि केमोही पूर्ण झाली होती. तुमचे बाबा दोन वर्षांत गेले म्हणजे त्यांचा आजार बराच पुढं गेलेला असणार, तिथं अंगणात चार फेऱ्या मारून निकाल बदलला असता असं म्हणायला कसलाही आधार नाही. तुमचं चुकलं नाही.

आता ज्या ओळीवरून तुम्ही पटकन पुढं गेलात ती. 'तंबाखू थोडीफार चालते.' मी एवढे सगळे टक्के सांगितले ते सगळे तंबाखूपुढं चिल्लर आहेत. आपल्या देशातल्या पुरुषांत पहिल्या नंबरचा कॅन्सर तोंडाचा आहे, आणि त्याला मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, बिडी हेच जबाबदार, वर दारू असली तर विचारूच नका. चालून-पळून हा धोका धुऊन निघत नाही. झोप येते म्हणून दाढेखाली ठेवता, तर झोपेचं बघू ना, मुक्कामाला गाडीत पाच तासांची तुटक झोप झाली तर सकाळच्या पहिल्या फेरीला पेंग येणारच, त्यावर पाण्याची बाटली, बडीशेप, लवंग, ड्रायव्हरशी गप्पा असलं काहीही चालेल. १८०० ११२ ३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवायला मदत करणारा नंबर आहे, फुकट, स्टँडवर गाडी लागलेली असताना लावा. आणि आजच आरशात तोंड बघा, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेला फोड, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत असं काही असेल तर चालायचं नंतर, आधी दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे.

बरं, चालायचं कधी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि हे वाचून तुमच्यासारख्याला वाटतं की हे सगळं साहेबलोकांसाठी आहे, ज्यांच्या सोसायटीत जॉगिंग ट्रॅक असतो. मुक्कामाच्या दिवशी काय करायचं, संध्याकाळी गाडी गावात लावली, हिशोब झाला, की जेवायच्या आधी गावाबाहेरच्या रस्त्याने दहा मिनिटं झपझप जायचं आणि दहा मिनिटं परत, झाला वीस मिनिटांचा कोटा, ड्रायव्हरला पण ओढून न्या, त्याचं पोट तुमच्यापेक्षा मोठं असायची शक्यता जास्त (मॉरिससाहेब साक्षीला आहेत). वेग किती, तर सोबत्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणायला जावं तर दम लागतोय एवढा. जेवल्यावर लगेच आडवं न होता दहा मिनिटं शतपावली, जेवणानंतरची साखर त्याने खरंच खाली राहते, आजीचा नियम बरोबर होता. दिवसाची ड्युटी असेल तर डेपोपासून एक स्टॉप आधी उतरा, असलं मी सांगणार नाही, रात्री साडेदहाला घर गाठायची घाई असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्यापेक्षा वीकली ऑफ वापरा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या साठ हजारांवर लोकांचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात आठवड्याची १५० मिनिटं एक-दोन दिवसांतच उरकणारेही होते, आणि काहीच न करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात कॅन्सरने मृत्यू १८ टक्के कमी, रोज थोडं थोडं करणाऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीने. तेव्हा ऑफच्या दिवशी सकाळी तासभर टेकडी किंवा बंधाऱ्यापर्यंत, बाकी दोन-तीन मुक्कामांना वीस-वीस मिनिटं, एवढ्याने सुरुवात भरपूर झाली, महिन्या-दोन महिन्यांनी वाढवत १५० च्या पुढं न्या.

ताकदीसाठी जिम नको. तुम्ही सातारचे, सूर्यनमस्काराचा घरोघरी प्रचार केला ते औंधचे पंतप्रतिनिधी तुमच्याच जिल्ह्यातले, दोन दिवस बारा-बारा घाला, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न लावता उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर. फक्त चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात-जबड्यात दुखलं, किंवा नेहमीपेक्षा फारच धाप लागली तर तिथेच थांबून दवाखाना, तुमचे चार आकडे आणि तंबाखू बघता हे मला लिहावंच लागेल. पळायला किंवा जोर काढायला सुरू करायच्या आधी एकदा ईसीजी करून डॉक्टरांना विचारा, साध्या झपझप चालण्याला आजपासून हरकत नाही.

खाण्याचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहितीय: स्टँडवरचा प्रत्येक फेरीचा गोड चहा आणि वडापाव यातलं निम्मं कमी केलं तरी ट्रायग्लिसराइड हलेल. घरचा डबा भाकरी-उसळीचा असेल तर मला अजून काही सांगायचं नाही.

तीन महिन्यांनी कंबर, बीपी, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि लिपिड परत बघा. मधल्या काळात स्टँडवरच्या वजनकाट्यावर रुपया टाकायचा नाही.

आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण हे डॉक्टरांना दाखवायला कापून ठेवता येईल. वडिलांना ५४ ला आतड्याचा कॅन्सर निघाला असेल तर मुलांनी चाळिशीत, किंवा वडिलांच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं असतं. तुम्ही ४६ चे, म्हणजे ती वेळ आधीच उलटलीय. दुर्बिणीने आतडं बघतात, कॅन्सर व्हायच्या आधीची गाठ दिसली तर तिथल्या तिथे काढून टाकता येते. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यावं लागतं, तेवढा त्रास, एक सुट्टी आदल्या दिवशीची पण टाका. आणि शौचाला रक्त गेलं, सवय बदलली, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं तर 'एसटीत सगळ्यांनाच मूळव्याध असते' म्हणून मलम लावत बसू नका, मूळव्याध असेलही, पण तुमच्या घरात ते डॉक्टरने बघून सांगायचं. पत्रात भावंडांचा उल्लेख नाही. असतील, चाळिशी आली असेल, तर हाच परिच्छेद त्यांनाही पाठवा, बहिणींनासुद्धा.